स्पीकर मागे, हेडफोन पुढे: एकाच साउंड कार्डावर दोन्ही कसे जोडावेत

दिवसा स्पीकर आणि रात्री हेडफोन, एवढीच गरज असते. तरी बहुतेक घरांत त्यासाठी रोज टेबलाखाली वाकणं चालू असतं. सीपीयू पुढे ओढायचा, मोबाइलच्या उजेडात हिरवं भोक शोधायचं, स्पीकरची पिन उपटायची, हेडफोनची खुपसायची. सकाळी पुन्हा उलटं. असं वर्षभर केलं की जॅक सैल होतो आणि एका कानातला आवाज जायला लागतो.

हे सगळं टाळता येतं, आणि बऱ्याचदा एक रुपयाही न खर्चता. मी माझ्या घरी आणि नात्यातल्या, ओळखीतल्या अनेकांच्या संगणकांवर ही जोडणी करून दिली आहे. लोक अडकतात ती जागा जवळजवळ नेहमी तीच असते. आपण भोकं मोजतो, संगणक आउटपुट मोजतो. सीपीयूवर दोन ठिकाणी पिन लावायची सोय असली, तरी विंडोजच्या लेखी ते दोन्ही मिळून एकच आउटपुट असू शकतं. तसं असेल तर दोन्हीकडे तोच आवाज येणार, किंवा एक लावलं की दुसरं गप्प होणार. विंडोजला दोन आउटपुट दिसत असतील तर मात्र गाणी स्पीकरवर आणि मीटिंग हेडफोनवर अशी वाटणी करता येते. पुढचं सगळं याच एका प्रश्नाभोवती आहे: तुमच्या संगणकाला आउटपुट किती दिसतात?

मी डेस्कटॉप, विंडोज १० किंवा ११, आणि मदरबोर्डवरच बसवलेलं साउंड कार्ड गृहीत धरतो. त्यावरची चिप बहुतेकदा रिअलटेकची असते. लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात पुढे लिहिलं आहे.

काय काय लागेल

- स्वतःचा वीजपुरवठा असलेले स्पीकर, म्हणजे भिंतीच्या सॉकेटवर किंवा यूएसबीवर चालणारे. दुकानात ‘टू पॉइंट वन’ किंवा नुसतं ‘वूफर’ म्हणून मिळतात ते चालतात. जुन्या म्युझिक सिस्टिमचे, नुसत्या दोन तारा बाहेर आलेले स्पीकर थेट साउंड कार्डाला जोडू नका. ते ४ किंवा ८ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध मोजायचं माप) असतात आणि त्यांना अ‍ॅम्प्लिफायर लागतो.
- ३.५ मिलिमीटर पिनचा हेडफोन. दुकानदार या पिनेला ‘ईपी’ म्हणतात. जाड, ६.३५ मिलिमीटरची पिन असेल तर ती ‘पी-३८’. तिच्यासाठी छोटा कनेक्टर मिळतो.
- घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचं असेल तर एका बाजूला ईपी स्टिरिओ आणि दुसऱ्या बाजूला लाल-पांढऱ्या आरसीए पिना असलेली वायर.
- मदरबोर्डचं नाव आणि मॉडेल. बोर्डावर छापलेलं असतं, किंवा विंडोजमधल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या खिडकीत सापडतं.
- एक टॉर्च.

वायरी आणि कनेक्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत हवे तसे मिळतात. इतर गावांत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात विचारा. पण आत्ताच बाजारात जाऊ नका. आधी तिसरी पायरी करून पाहा.

१. मागची भोकं रंगांवरून ओळखा

सीपीयूच्या मागे यूएसबीच्या आसपास तीन, पाच किंवा सहा गोल भोकं दिसतील. त्यांचे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या ‘पीसी ९९’ या नियमावलीतून आले आहेत आणि अजूनही बहुतेक कंपन्या ते पाळतात.

- हिरवं: लाइन आउट. स्पीकर इथे.
- गुलाबी: माइक.
- फिकट निळं: लाइन इन, बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी.
- काळं, नारिंगी, करडं: घरात पाच-सात स्पीकर लावणाऱ्यांसाठी. मागचे, मधला आणि सबवूफर, बाजूचे.

इथला पहिला सापळा म्हणजे हिरव्यात स्पीकर लावला आणि शेजारी काळं भोक रिकामं दिसलं की हेडफोन तिथे लावणं. विंडोज साध्या स्टिरिओवर असताना काळ्या भोकात काहीच येत नाही. मग हेडफोन बिघडला असं वाटतं. तो बिघडलेला नसतो. सहा भोकं म्हणजे सहा हेडफोन हा समज सोडून द्या. मागचं हिरवं सोडलं तर हेडफोनसाठी तिथे काही नाही. काही महागड्या बोर्डांवर सगळी भोकं काळी किंवा सोनेरी असतात. तिथे बाजूला कोरलेलं चित्र टॉर्चने वाचावं लागतं.

स्पीकरची पिन हिरव्या भोकात पूर्ण आत बसवा. अर्धवट बसलेल्या पिनेचं एक गमतीशीर लक्षण आहे: गाण्यात वाद्यं ऐकू येतात आणि गायक गायब होतो, किंवा खोल विहिरीतून गातोय असा येतो. पिनेचा अर्थिंगचा (ग्राउंडचा) भाग जोडला गेला नाही की डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा उरतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो कापला जातो. असं झालं तर ड्रायव्हर (विंडोजला साउंड कार्ड चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) वगैरे शोधत बसू नका, पिन दाबा.

पिन लावता-काढताना स्पीकरचं बटण शून्यावर आणा. नाहीतर ‘धप्प’ असा जो आवाज येतो तो वूफरला बरा नाही.

२. हेडफोन पुढच्या बाजूला

कॅबिनेटच्या पुढच्या किंवा वरच्या भागात हेडफोन आणि माइकची भोकं असतात. हेडफोनची जागा हीच. नुसती सोयीची आहे म्हणून नाही. पुढचं आणि मागचं आउटपुट चिपमध्ये वेगळं असतं, आणि तिसऱ्या पायरीतली सगळी करामत त्यावरच चालते.

पुढच्या भोकात काहीच ऐकू येत नसेल, तर बऱ्याचदा कारण अगदी साधं असतं: संगणक जोडणाऱ्याने आतली वायर लावलेलीच नसते. सीपीयू बंद करा, भिंतीतून वायर काढा, बाजूचं झाकण उघडा. पुढच्या पॅनेलकडून येणारी, टोकाला ‘एचडी ऑडिओ’ लिहिलेली एक वायर शोधा. ती मदरबोर्डवर नऊ काट्यांच्या एका चौकटीवर बसते. ही चौकट बहुतेकदा बोर्डाच्या खालच्या, मागच्या कोपऱ्यात असते. आसूसच्या बोर्डवर तिला ‘एएएफपी’, गिगाबाइटवर ‘एफ ऑडिओ’, एमएसआयवर ‘जेएयूडी १’ असं नाव असतं.

दोन गोष्टी जपा. यूएसबीची चौकटही नऊ काट्यांची असते आणि लांबून तशीच दिसते. फरक गाळलेल्या काट्यात आहे. यूएसबीत कोपऱ्यातला काटा नसतो, ऑडिओत कोपऱ्याच्या अलीकडचा नसतो. वायरचं टोक बरोबर जागी सहज बसतं. बसत नसेल तर जोर लावू नका, जागा चुकली आहे. दुसरं, जुन्या कॅबिनेटच्या वायरला ‘एचडी ऑडिओ’ आणि ‘एसी ९७’ अशी दोन टोकं असतात. एसी ९७ ही इंटेलची १९९७ ची पद्धत, एचडी ऑडिओ २००४ ची. आजच्या बोर्डला एचडी ऑडिओचंच टोक लावा. दुसरं लावलं तर आवाज कदाचित येईल, पण पिन लावली की काढली हे चिपला कळणार नाही.

३. विंडोजला काय दिसतंय ते पाहा

आता मुद्द्याचं काम. स्पीकर मागे, हेडफोन पुढे लावून ठेवा आणि खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून साउंड सेटिंग्ज उघडा. आउटपुटच्या यादीत काय काय आहे? मॉनिटरचं नाव दिसलं तर त्याकडे तूर्त दुर्लक्ष करा; एचडीएमआयच्या वायरीतून आवाजही जातो, म्हणून ते तिथे असतं. खरं तर ‘आवाजच येत नाही’ या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटतात. नवा मॉनिटर लावला की विंडोज कधीकधी आवाज त्याच्याकडे वळवतं आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो.

रिअलटेकचं एकच नाव दिसत असेल तर तुमचं पुढचं-मागचं मिळून एक आउटपुट आहे. ते बदलायला रिअलटेकचा स्वतःचा कार्यक्रम लागतो. जुन्या ड्रायव्हरसोबत ‘रिअलटेक एचडी ऑडिओ मॅनेजर’ येतो, तो कंट्रोल पॅनेलमध्ये सापडतो. नव्या ड्रायव्हरसाठी ‘रिअलटेक ऑडिओ कन्सोल’ हे अ‍ॅप मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यावं लागतं. दोन्ही नसतील आणि यादीत फक्त ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असं दिसत असेल, तर विंडोजचा साधा ड्रायव्हर चालू आहे. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल शोधून तिथला ऑडिओ ड्रायव्हर बसवा. ‘ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरांच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्यासोबत काय काय आत येईल सांगता येत नाही.

कार्यक्रम उघडल्यावर ‘डिव्हाइस अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’ शोधा. जुन्यात वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं, नव्यात एका पानावर. तिथे दोन पर्याय असतात आणि त्यांतला एकच निवडता येतो:

पहिला म्हणतो, पुढे हेडफोन लावला की मागचं आउटपुट बंद करा. ज्यांना फक्त दिवस-रात्र बदल हवा आहे त्यांनी हा घ्यावा. स्पीकर कायम मागे राहतो, हेडफोन लावला की स्पीकर गप्प, काढला की पुन्हा सुरू. यापुढचं काहीही वाचायची गरज नाही. माझ्या अंदाजाने निम्म्याहून अधिक लोकांचं काम इथे संपतं, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या संगणकावर तर मी याशिवाय दुसरं काही लावत नाही. त्यांना सेटिंग्जच्या खिडक्या समजावण्यापेक्षा ‘पिन लावा, पिन काढा’ हे सोपं.

दुसरा पर्याय म्हणतो, पुढच्या आणि मागच्या आउटपुटवर एकाच वेळी दोन वेगवेगळे आवाज वाजवा. हा निवडला की विंडोजच्या यादीत एका नावाची दोन होतात. एक ‘स्पीकर्स’, दुसरं बहुधा ‘रिअलटेक एचडी ऑडिओ सेकंड आउटपुट’. हे दुसरं म्हणजे पुढचा हेडफोन. नाव लांबलचक आहे, त्यामुळे त्याच्या गुणधर्मांत जाऊन ते बदलून ‘हेडफोन’ करा. रोज वापरताना फरक पडतो. बदल लगेच दिसला नाही तर संगणक पुन्हा सुरू करून पाहा.

सगळ्याच बोर्डांवर दुसरा पर्याय नसतो. स्वस्त बोर्डांवर आणि बहुतेक लॅपटॉपवर तो दिसत नाही. तसं असेल तर सहाव्या पायरीकडे जा.

पुढे काही लावलं तरी विंडोजला पत्ताच लागत नसेल, तर त्याच कार्यक्रमात ‘कनेक्टर सेटिंग्ज’ पाहा. तिथे पुढच्या पॅनेलची ओळख बंद करण्याचा एक पर्याय असतो. वर सांगितलेली एसी ९७ ची वायर नाइलाजाने वापरणाऱ्यांसाठी तो चालू करायचा. बाकीच्यांनी बंदच ठेवायचा.

४. कोणता आवाज कुठे, हे वाटून द्या

दोन आउटपुट दिसायला लागले की विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर या वाटेने जा. चालू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमासमोर आउटपुट निवडायची जागा असते. गाण्यांचा कार्यक्रम स्पीकरवर, मीटिंगचा हेडफोनवर. विंडोज १० मध्ये हीच सोय साउंडच्या पानावर खाली, प्रगत पर्यायांत आहे. ती २०१८ च्या एप्रिलमधल्या अपडेटपासून आली, त्यामुळे फार जुनी आवृत्ती असेल तर सापडणार नाही. कार्यक्रम यादीत दिसण्यासाठी त्याने थोडा तरी आवाज केलेला असावा लागतो, म्हणून आधी गाणं लावा, मग यादी उघडा. निवड बदलूनही आवाज जागचा हलला नाही तर तो कार्यक्रम बंद करून पुन्हा उघडा.

ब्राउझरच्या बाबतीत मात्र फसगत होते. विंडोजच्या लेखी संपूर्ण क्रोम म्हणजे एकच कार्यक्रम. एका टॅबमध्ये यूट्यूब आणि दुसऱ्यात मीटिंग असेल तर मिक्सरमधून त्यांची वाटणी होत नाही. दोन उपाय आहेत. गाण्यांसाठी वेगळा ब्राउझर ठेवा, फायरफॉक्स किंवा एज. किंवा मीटिंगच्या आत जाऊन तिथल्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून ‘हेडफोन’ निवडा. गूगल मीट, झूम, टीम्स या तिन्हींत ही सोय आहे. माझं मत विचाराल तर मीटिंगच्या आतूनच निवडणं चांगलं. विंडोजने नंतर कितीही गोंधळ घातला तरी ते टिकतं.

जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या ‘साउंड’ खिडकीत आणखी एक वाटणी आहे, जी फार कमी लोक वापरतात. एका आउटपुटला ‘डिफॉल्ट डिव्हाइस’ आणि दुसऱ्याला ‘डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस’ करता येतं. स्पीकर पहिला, हेडफोन दुसरा. ही विभागणी मानणारे कॉलचे कार्यक्रम मग आपोआप हेडफोनवर जातात. याच खिडकीच्या ‘कम्युनिकेशन्स’ भागात कॉल सुरू झाला की इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचा असं आधीपासून निवडलेलं असतं. कॉल लागला की गाणं एकदम बारीक का होतं, हा प्रश्न पडला असेल तर कारण हे. नको असेल तर ‘डू नथिंग’ करा.

कॉल हेडफोनवरच का घ्यावा, हेही सांगून टाकतो. समोरच्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि त्याला स्वतःचाच आवाज घुमून ऐकू येतो. त्रास त्याला होतो आणि तुम्हाला पत्ता नसतो.

दोन्हीकडे *तोच* आवाज एकाच वेळी हवा असेल, म्हणजे एकाला कमी ऐकू येतं म्हणून तो हेडफोनवर आणि बाकीचे स्पीकरवर, तर कार्यक्रम तसं करू देत असेल तर वर सांगितलेले दोन्ही रिअलटेक पर्याय न निवडता पाहा. काही बोर्डांवर मग पुढे आणि मागे एकत्र वाजतं. नाहीतर साउंडच्या जुन्या खिडकीत रेकॉर्डिंगच्या भागात ‘स्टिरिओ मिक्स’ चालू करा, त्याच्या ‘लिसन’ या भागात जाऊन ‘हे ऐका’ या खुणेखाली दुसरं आउटपुट निवडा. दुसरीकडचा आवाज किंचित मागे पडतो. एकाच खोलीत ते जाणवतं, सिनेमा पाहताना तर नक्कीच. व्हॉइसमीटर नावाचं सॉफ्टवेअर हेच काम अधिक नीट करतं, पण त्याचा पडदा पहिल्यांदा पाहिला की ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत शिरल्यासारखं वाटतं. नवख्यांनी शेवटचा उपाय म्हणूनच त्याकडे जावं.

५. लिनक्स असेल तर

टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ-६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा, उजवीकडे सरकत ‘ऑटो-म्यूट मोड’ गाठा आणि तो ‘डिसेबल्ड’ करा. हेडफोन लावला तरी स्पीकर चालू राहतील. एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं तर ती बंद आहे. एम दाबून चालू करा. कोणत्या पोर्टवर वाजवायचं ते ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ या छोट्या कार्यक्रमात बदलता येतं. आतून पाइपवायर ही आवाजाची नवी व्यवस्था चालत असली तरी तो चालतो.

६. वायरने वाटा पाडायचा असेल तर

रिअलटेकमध्ये दुसरा पर्याय नाही, पुढचं भोक मोडलंय, किंवा एकच भोक असलेलं यंत्र आहे. मग तीन रस्ते उरतात.

*स्पीकरवरचंच हेडफोन भोक.* आधी हे पाहा, कारण ते अनेकांच्या लक्षातच येत नाही. अनेक स्पीकरांच्या पुढच्या भागावर किंवा आवाजाच्या वायर-बटणावर हेडफोनचं चिन्ह असतं. तिथे पिन लावली की स्पीकर बंद होतात. फुकटात काम झालं. तोटा एवढाच की हेडफोन वापरतानाही स्पीकर चालू ठेवावे लागतात आणि स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरची बारीक सरसर हेडफोनमध्ये ऐकू येऊ शकते.

*वाय वायर.* एका पिनेतून दोन भोकं निघतात. एकात स्पीकर, एकात हेडफोन. काम होतं, पण दोन्ही कायम चालू राहतात, म्हणून हेडफोन वापरताना स्पीकर त्यांच्या बटणावरूनच बंद करायचे. आणि त्यात विजेचं एक गणित लपलेलं आहे. वीजवाल्या स्पीकरचं इनपुट साधारण दहा हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतं, त्यामुळे साउंड कार्डला त्याचा भार जाणवतच नाही. हेडफोन मात्र बऱ्याचदा ३२ ओहमचा असतो. तो लावला की सगळा भार त्याचाच पडतो, स्पीकरचाही आवाज थोडा उतरतो आणि काही बोर्डांवर खर्जही पातळ होतो. काही मोडत नाही, पण ‘स्पीकर एकदम मवाळ का झाले’ याचं उत्तर हे आहे.

दुकानात वाय वायर मागताना नीट पाहा. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती आहेत. एकीच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात. ती आवाज दोघांत वाटते, आपल्याला हीच हवी. दुसरीच्या पिनेवर तीन रेघा असतात; ती मोबाइलच्या हेडसेटसाठी एका भोकाचे माइक आणि हेडफोन असे दोन वेगळे फाटे पाडते. तिच्या माइकच्या फाट्यात स्पीकर लावला तर काहीच ऐकू येणार नाही.

एक गोष्ट कधीही करू नका. वाय वायर उलटी वापरून दोन *आउटपुट* एका स्पीकरमध्ये आणू नका, म्हणजे संगणक आणि टीव्ही दोन्ही एका वायरने एका स्पीकरला. दोन्ही यंत्रांची आउटपुट एकमेकांना भिडतात, आवाज फाटतो आणि एखाद्याची चिप जायचीही भीती असते. एका आउटपुटचे दोन भाग चालतात, दोन आउटपुटचा एक चालत नाही.

*निवडीचा स्विच.* छोटी डबी, एका बाजूला एक भोक, दुसऱ्या बाजूला दोन, वर एक बटण. कुठलंही सॉफ्टवेअर नको, वीज नको, आणि वाय वायरीसारखा भारही एकत्र येत नाही. टेबलावर हाताशी चिकटवून ठेवा. जुन्या, ड्रायव्हर न मिळणाऱ्या संगणकांसाठी माझी पहिली पसंती हीच.

७. दुसरं साउंड कार्ड घ्यायचं का?

लॅपटॉपवर दोन वेगळे आउटपुट हवे असतील तर सरळ मार्ग म्हणजे छोटं यूएसबी साउंड कार्ड. ते लावलं की विंडोजच्या यादीत आपोआप एक नवं आउटपुट येतं आणि चौथी पायरी जशीच्या तशी लागू होते. ड्रायव्हरही सहसा लागत नाही. अगदी स्वस्तातलं हेडफोनवरच्या मीटिंगला पुरतं. गाणी कानात आनंदाने ऐकायची असतील तर त्यातून फार अपेक्षा ठेवू नका. २५० किंवा ३०० ओहमचा स्टुडिओ हेडफोन तर त्यावर कुजबुजल्यासारखा वाजेल.

घरी गाणं, तबला-पेटी किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करणाऱ्यांनी ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी बनवलेल्या बाहेरच्या साउंड कार्डाचा विचार करावा. उदाहरणार्थ, फोकसराइटच्या स्कारलेट टू-आय-टूवर मागे स्पीकरसाठी दोन पी-३८ ची भोकं आणि पुढे हेडफोनचं भोक असतं, आणि दोघांच्या आवाजाची बटणं वेगळी असतात. स्पीकर शून्यावर आणा, हेडफोन चालू. या लेखाचा सगळा खटाटोप तिथे दोन बटणांत होतो. पण नुसती गाणी ऐकण्यासाठी तेवढे पैसे घालू नयेत असं माझं मत आहे.

ब्लूटूथ हेडफोनही विंडोजला वेगळं आउटपुट म्हणूनच दिसतो, तेव्हा वाटणी होते. आवाज मागे पडतो, म्हणून गेम आणि वाजवतावाजवता रेकॉर्डिंग यांसाठी नको.

८. घरघर येत असेल तर

सगळं जोडून झालं, आवाज आला, पण मागे एक सततची घरघर आहे. तिचे दोन प्रकार आहेत आणि औषधं वेगळी.

न बदलणारा, खालच्या पट्टीतला ‘हूंऽऽ’ असा आवाज म्हणजे वीजपुरवठ्याचे ५० हर्ट्झ स्पीकरमध्ये शिरले आहेत. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटांवर असले आणि दोघांनाही अर्थिंग असलं की वायरीतून एक फेरा पूर्ण होतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा. तरी गेला नाही तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी नळकांडी मिळते, ती स्पीकरच्या वायरीत मध्ये बसते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहा. घरघर थांबली तर कारण सापडलं. तिसरी पिन कापून किंवा टू-पिन अडॅप्टर लावून अर्थिंग तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घरघर जाईल, पण उद्या आत बिघाड झाला तर करंट जायला वाटच उरणार नाही.

उलटही घडतं. जुन्या वाड्यांत, चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे अर्थिंगची तारच नसते. सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर पेटतो आणि हेडफोनमध्ये सूक्ष्म गुणगुण येते. हे साउंड कार्डाचं दुखणं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या. आवाजासाठी नाही, तर जिवासाठी.

दुसरा प्रकार म्हणजे माउस हलवला, पान सरकवलं की बदलणारी किरकिर. ही सीपीयूच्या आतून येते. पुढच्या पॅनेलची ऑडिओ वायर ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून गेली असेल तर ती कडेने फिरवा. न वापरलेली माइक आणि लाइन इनची इनपुट विंडोजमध्ये म्यूट करा. तरीही राहिली तर हेडफोन मागच्या हिरव्या भोकात लावून पाहा. तिथे स्वच्छ आवाज आला तर दोष पुढच्या वायरीचा. तिथेही किरकिर असेल तर यूएसबी साउंड कार्ड घेऊन मोकळे व्हा.

९. आवाजाची पातळी आणि माइक

स्पीकरवर सत्तरवर ठेवलेला आवाज हेडफोनमध्ये कान फाडतो. दोन आउटपुट वेगळे असतील तर विंडोज दोघांची पातळी वेगळी लक्षात ठेवतं. एकच असेल तर तो भरवसा नाही. म्हणून विंडोजचा आवाज हेडफोनला सोसेल इतकाच ठेवा आणि स्पीकरचा हवा तो स्पीकरच्या बटणावर वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि पातळी वाढली की हे तास झपाट्याने घटतात. दिवसभर हेडफोन लावून काम करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

मोबाइलसोबत आलेला, तीन रेघांच्या एका पिनेचा हेडसेट डेस्कटॉपच्या हेडफोन भोकात लावला तर ऐकू येतं, पण माइक बहुतेकदा चालत नाही. त्या भोकात माइकसाठी जागाच नसते. इथे वर सांगितलेल्या तीन रेघांच्या वाय वायरीची उलटी जात कामाला येते: एका टोकाला हेडसेटची पिन घेणारं भोक, दुसऱ्या टोकाला दोन पिना. एक पिन हिरव्यात, एक गुलाबीत. भोकाशेजारी हेडफोन आणि माइक एकत्र असलेलं चित्र असेल तर वायर नको. तरीही माइक मुका असेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनला परवानगी आहे का ते पाहा.

१०. महिन्याभराने अचानक बिघडलं तर

सगळं नीट चालू असताना एक दिवस ‘सेकंड आउटपुट’ यादीतून नाहीसा होतो. कुणी काही केलेलं नसतं. विंडोजच्या मोठ्या अपडेटने रिअलटेकचा ड्रायव्हर काढून आपला साधा ड्रायव्हर बसवलेला असतो, किंवा नवा रिअलटेक ड्रायव्हर येताना जुनी निवड पुसली गेलेली असते. वायरी उपसू नका. आधी तिसऱ्या पायरीतला पर्याय अजून निवडलेला आहे का ते पाहा. कार्यक्रमच उघडत नसेल तर ड्रायव्हर पुन्हा बसवा. त्यासाठीच पहिल्यांदा उतरवून घेतलेली ड्रायव्हरची फाइल डाउनलोडच्या ढिगाऱ्यात न ठेवता, मदरबोर्डच्या मॉडेलचं नाव देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.